ट्रॉलीचा अ‍ॅक्सल बदलताना



दोन चाकांच्या लहान ट्रॉलीतून आपण शेणखत, ऊस, भाताचे भारे, विटा, वाळू असे सर्व काही वाहतो. हा सारा भार मुख्यतः एका अ‍ॅक्सलवर असतो. भरल्या ट्रॉलीखाली तो मोडला, तर चाक निखळते, ट्रॉली कलंडते आणि बाजूने चालणारा माणूस सापडतो. म्हणून अ‍ॅक्सल तडकला असता ‘तूर्त वेल्डिंग करू, सुगीनंतर पाहू’ असे म्हणू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचे पोलाद ठिसूळ होऊ शकते आणि पुन्हा तेथेच मोडते. नवा अ‍ॅक्सल घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. भार : रिकाम्या ट्रॉलीचे वजन व सर्वांत जड मालाचे वजन यांची बेरीज करावी. समजा, ट्रॉली ५०० किलो व माल १५०० किलो. एकूण २००० किलो. खड्ड्यात आदळताना भार क्षणभर वाढतो, म्हणून २५०० किलोचा अ‍ॅक्सल घ्यावा. माल नजरेने मोजू नये. अर्धा ब्रास वाळू दोन टनांहून अधिक भरते. चौकोनी अ‍ॅक्सल ५० ऐवजी ६० मिलिमीटरचा घेतला, तर त्याच पोलादात ताकद सुमारे पावणेदोनपट होते. मात्र टायर व पाटे जुनेच असतील, तर त्यांना झेपेल तेवढाच भार घालावा.

२. मापे : जुना अ‍ॅक्सल दुकानात सोबत न्यावा. दोन्ही हबांमधील अंतर, पाट्यांच्या मध्यांमधील अंतर आणि सळईची जाडी लिहून घ्यावी. पाट्यापासून चाक जितके दूर, तितका अ‍ॅक्सल वाकतो. हे अंतर १५ सेंटिमीटरचे २० झाले, तर ताण एकतृतीयांशाने वाढतो. लांब अ‍ॅक्सल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

चाकाचे बोल्टही जुळले पाहिजेत. चार, सहा किंवा आठ बोल्ट असल्यास समोरासमोरील दोन बोल्टांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. पाच असल्यास शेजारच्या दोहोंमधील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे.

३. बेअरिंग : आतील व बाहेरील बेअरिंगवर कोरलेले नंबर टिपून ठेवावेत. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या नंबरांचाच अ‍ॅक्सल घ्यावा. नाहीतर ऐन हंगामात ट्रॉली उभी राहते.

४. जुना माल : भंगारातील अ‍ॅक्सल शक्यतो टाळावा. घ्यावाच लागला तर घासून स्वच्छ करावा, रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोड्या वेळाने कोरडा पुसून खडूची पूड फासावी. तडा असल्यास खडूवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली नाही, तरी आतून तो निर्दोष आहे असे मात्र ठरत नाही.

५. बसवणे : जॅकवर किंवा दगडावर टेकवलेल्या ट्रॉलीखाली शिरू नये, भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत व दांडी बांधून ठेवावी. हुकापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर सारखे असावे. नसल्यास ट्रॉली तिरकी ओढली जाते व टायर झिजतात. बेअरिंगमध्ये ग्रीस भरून, चाक फिरवत नट आवळावा. चाक जड फिरू लागले की नट किंचित सैल करून नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन पुन्हा वापरू नये. पहिल्या खेपेनंतर हबला हात लावून पाहावा. चटका बसत असेल, तर नट फार आवळला आहे किंवा ग्रीस कमी आहे.

अ‍ॅक्सल कितीही भक्कम असला, तरी ट्रॉली ही मालासाठी आहे. सणाला, लग्नाला मुलाबाळांना तीत बसवून नेऊ नये.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. पावसाळा तोंडावर असतो. त्या आठवड्यात दोन्ही चाके उचलून, फिरवून, हलवून पाहण्याचा नेम ठेवावा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यात एखाद्याचा जीव वाचेल.