पावलीतली लय आणि पडद्यावरचे बाण

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव ज्या गोदावरी खोऱ्यात वसले आहे, तो पैठणच्या एकनाथांचा मुलूख. तेथील वारकरी भजनात लय चढवण्याची जी रीत आहे, तिच्या शेजारी नृत्याचे व्हिडिओ गेम ठेवून पाहिले, तर लयबदलात नेमके अवघड काय असते, हे अधिक नीट कळते.

अभंग सुरू होतो तेव्हा पखवाजावर आठ मात्रांचा भजनी ठेका ठाय, म्हणजे संथ, लयीत चालतो. धृपदाची आवर्तने होत जातात तशी लय चढते, पखवाजावर लग्गी, म्हणजे जलद बोलांची फिरत, लागते आणि टाळकऱ्यांची पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर रांगेने टाकायची पावले, जलद होते. ही वाढ कोणी आकड्यांत बांधलेली नसते. पखवाजी किंचित पुढे सरकतो, टाळ त्याला धरतात आणि पाय टाळांना, त्यामुळे नवशिक्याचे पाऊल चुकले तरी शेजाऱ्याकडे पाहून त्याला पुढच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सावरता येते.

कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली आणलेल्या ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ या खेळात असा शेजारी नाही. पायाखाली चार दिशांचे चार बाण असतात, पडद्यावर खालून बाण सरकत येतात, आणि ते वरच्या स्थिर बाणांवर पोचतील त्याच क्षणी त्या दिशेला पाय टाकायचा असतो. गाण्याची गती मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत मोजतात: गती १५० असेल तर दोन ठोक्यांत ०.४ सेकंदाचे अंतर, ३०० असेल तर ०.२ सेकंदाचे. २००१ साली आलेल्या ‘मॅक्स ३००’ या गाण्याचे तर नावच त्याच्या गतीवरून पडले.

मूळ रचनेत दोन ठोक्यांमधील पडद्यावरचे अंतर कायम राहते, म्हणून गती दुप्पट झाली की बाणही दुप्पट वेगाने धावतात. पखवाजाच्या शिक्षणात लय वाढवणे आणि दुगुन करणे या निराळ्या गोष्टी मानल्या जातात, कारण दुगुनीत मात्रेचा काळ तोच राहून एका मात्रेत दोन बोल बसतात. १५० गतीची दुगुन आणि ३०० गतीची बरोबरीची, म्हणजे मात्रेला एकच बोल असलेली, लय यांत पायांना घाई सारखीच. पडद्यावर मात्र पहिलीत बाण दाटीने पण सावकाश येतात, दुसरीत विरळ पण भरधाव. लयबदलाची अडचण बऱ्याचदा पायांची नसून डोळ्यांची असते, ती अशी.

काही गाण्यांत गती एकाएकी निम्मी होते, काहींत बाण क्षणभर थिजतात. आळंदीच्या पालखी सोहळ्यातही समाजआरतीपूर्वी चोपदाराने दंड उंचावताच टाळ थांबतात, पण तो दंड सर्वांना दिसतो. खेळात अशी पूर्वसूचना सहसा नसल्याने ही गाणी जवळजवळ पाठच करावी लागतात, आणि मग परीक्षा लयीच्या जाणिवेची की स्मरणशक्तीची, हा आक्षेप रास्तच ठरतो.

अशाच खेळाच्या ‘स्टेपमेनिया’ या मोफत प्रणालीत प्रत्येक गाण्याच्या फाइलमध्ये कितव्या ठोक्यावर गती किती होणार, हे आकड्यांत लिहिलेले असते. तरीही खेळाडूला हवे असल्यास सर्व बाण एकाच स्थिर वेगाने सरकवता येतात, आणि मग लयबदल केवळ त्यांच्यातील कमीअधिक अंतरातून कळतो. गाण्यावर बाण बसवणारे काही रचनाकार मात्र आपल्या रचनेच्या नावापुढेच ही सोय वापरू नये असे लिहून ठेवतात, कारण बाणांचे धावणे, रेंगाळणे आणि थबकणे त्यांनी गाण्याबरोबरच बसवलेले असते.