पियानोचा सराव, कानांची काळजी

शेजाऱ्यांची झोपमोड टाळायला डिजिटल पियानोला हेडफोन लावला, तरी तासाभरात कान तापतात, कानशिले ठणकतात. चष्मा असेल तर त्याच्या काडीवर दाब येऊन त्रास वाढतो. म्हणून खरेदीआधी हेडफोन चष्म्यासकट निदान पंधरा मिनिटे घालून पाहावा. अख्खा कान मावेल अशी मऊ गादी हवी. मागून उघडा हेडफोन कमी तापतो. मात्र पंख्याची घरघर आत येते आणि हात नकळत आवाज वाढवतो. खरा धोका तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल जेमतेम ४ तास. अंतर्कर्णातील केशपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. ब्लूटूथवर सूर उशिरा उमटतो, तेव्हा वायरचाच घ्यावा. सरावानंतर कानात गुणगुण होत असेल, तर आवाज कमी करावा. ती थांबली नाही तर कान तपासून घ्यावेत.