गोड्या पाण्याचा अभियंता

रक्तदाब वाढलेल्या रुग्णाला पहिला सल्ला ठरलेला असतो : मीठ कमी करा. मग लोणचे, पापड, फरसाण बंद होते. पण मीठ ताटात नसून पाण्याच्या तांब्यातच असेल तर?

नैर्ऋत्य बांगलादेशात, खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात हेच आढळले. सुंदरबनलगतचा हा सखल प्रदेश. फराक्का धरणानंतर उन्हाळ्यात नद्यांतून येणारे गोडे पाणी घटले, कोळंबीच्या शेतीसाठी खारे पाणी आत घेतले गेले आणि २००९ च्या ‘आयला’ चक्रीवादळात बांध फुटून समुद्र गावांत शिरला. तळी आणि हातपंप खारट झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की तेथील माणसाच्या पोटात कोरड्या ऋतूत केवळ पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम जाते. पावसाळ्यात हे प्रमाण जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सर्व आहार मिळून २ ग्रॅमची आहे.

पुढच्या अभ्यासात त्याच भागातील बाराशेहून अधिक गरोदर स्त्रिया तपासल्या गेल्या. पाण्यातील सोडियम जितके जास्त, तितके गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि ‘प्रीएक्लाम्पसिया’ यांचे प्रमाण अधिक दिसले. प्रीएक्लाम्पसियात रक्तदाब चढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जातात, कधी झटके येतात. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

इथे डॉक्टर गोळ्या देतो, पण बाई घरी जाऊन त्याच तळ्याचे पाणी पिते. पाण्यातला दोष दूर करणे हे पर्यावरण अभियंत्याचे काम आहे. या शाखेचे जुने नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. नागपूरची ‘नीरी’ १९५८ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात हेच शब्द होते, ‘पर्यावरण’ १९७४ साली आले. शुद्ध पाणी, सांडपाणी, कचरा, हवा आणि आता किनाऱ्यावर चढणारा समुद्र, एवढा तिचा पसारा आहे.

दाकोप परिसरात ढाका विद्यापीठ, युनिसेफ आणि बांगलादेशचा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग यांनी एक उपाय केला. पावसाळ्यात तळ्यातले आणि छपरावरचे पाणी वाळूतून गाळून विहिरींवाटे जमिनीखाली सोडायचे. गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या भूजलावर त्याचा थर साठतो आणि उन्हाळ्यात तेच पाणी हातपंपाने वर काढता येते. वीज फारशी लागत नाही. साठा जमिनीखाली असल्याने वादळातही तो बराचसा सुरक्षित राहतो.

पाण्याचा खारटपणा खरोखर कमी झाला. मग संशोधकांनी १६ गावांत टप्प्याटप्प्याने हे पाणी देऊन लोकांचे रक्तदाब मोजले. अपेक्षेप्रमाणे ते उतरले नाहीत! संशोधकांनी सुचवलेले एक कारण विचार करण्यासारखे आहे. किंचित खाऱ्या भूजलात सोडियमबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असते आणि हे दोन क्षार रक्तदाब कमी राखायला मदत करतात. पाणी गोडे करताना तेही कमी होतात. म्हणून खारे पाणी चांगले असे नव्हे. पण मीटरवरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस बरा झाला, असे गृहीत धरता येत नाही. पाणी तपासणारा आणि रक्तदाब तपासणारा यांनी एकत्र बसायला हवे, हा या प्रयोगाचा धडा.

हा धडा कोकणालाही लागू आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीने बांधाला खांडी पडल्या की भातशेतीत खारे पाणी घुसते. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून जास्त उपसा झाला की समुद्राचे पाणी आत सरकते. हे बांध सांभाळणारी, विहिरींचा खारटपणा नियमित मोजणारी आणि पावसाचे पाणी मुरवणारी माणसे यापुढे जास्तच लागतील.

बारावीनंतर सिव्हिल, केमिकल किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी, मग ‘गेट’ देऊन एम.टेक. हा नेहमीचा मार्ग. आयआयटी मुंबईत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. जीवन प्राधिकरण, महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, संशोधन संस्था आणि खासगी सल्लागार कंपन्या येथे संधी असतात. काम बरेचसे चिखलात आणि उन्हात असते, आणि बांध फुटला नाही तर कुणी आठवणही काढत नाही.

लोकांचे आरोग्य राखायचे म्हणून घरातले एखादे मूल डॉक्टर व्हायचे म्हणत असेल, तर त्याला ही दुसरी वाटही जरूर दाखवावी. आणि किनाऱ्यावरच्या गावात विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले, तर ते वेळीच प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. घरात गरोदर स्त्री किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना पाण्याबद्दलही सांगावे.