एक नोव्हेंबर : जोडणीचा आणि वाटणीचा दिवस

राज्यांच्या इतिहासात काही दिनांक पुनःपुन्हा भेटीस येतात. मध्य प्रदेशाच्या बाबतीत हा मान १ नोव्हेंबरकडे जातो. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने याच दिवशी हे राज्य एकदा जोडले गेले आणि एकदा विभागले गेले.

मध्य प्रदेश हे नाव १९५६ पूर्वीही होते. मात्र त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भातील आठ मराठी भाषक जिल्हे मुंबई राज्यात गेले. उर्वरित प्रदेशास मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ ही राज्ये जोडून नवे मध्य प्रदेश आकारास आले. भोपाळ ही राजधानी झाली, तर उच्च न्यायालय जबलपूरला आले. पं. रविशंकर शुक्ल पहिले मुख्यमंत्री झाले. परंतु दोनच महिन्यांत, ३१ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले.

भोपाळला गौरवाचा ठरलेला हा दिवस नागपूरसाठी मात्र वियोगाचा होता. १८६१ पासूनचे राजधानीपद त्या शहराने गमावले. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरविण्याचे मान्य केले होते. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर नागपुरात भरू लागलेल्या हिवाळी अधिवेशनामागे हीच पार्श्वभूमी आहे.

क्षेत्रफळाने देशात सर्वांत मोठे असलेले हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी विभागले गेले. ६१ पैकी १६ जिल्ह्यांचे छत्तीसगड राज्य झाले. सुमारे ४ लाख ४३ हजार चौरस किलोमीटरपैकी १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर प्रदेश त्याच्याकडे गेला. विधानसभेच्या ३२० जागांपैकी २३० मध्य प्रदेशाकडे राहिल्या, ९० छत्तीसगडला मिळाल्या. मालमत्ता व कर्जे यांचीही वाटणी करावी लागली. विशेष म्हणजे, पं. शुक्लांची कर्मभूमी असलेले रायपूर आता दुसऱ्याच राज्याची राजधानी झाले.

आज दोन्ही राज्ये आपला स्थापना दिन एकाच दिवशी साजरा करतात. एकत्र कुटुंबातून वेगळे झालेल्या भावाने नव्या घराची वास्तुशांत थोरल्या घराच्या वर्धापनदिनीच करावी, तसे हे आहे. नकाशावरील रेषा बदलतात, जिल्ह्यांचे हिशेब वेगळे होतात. सामायिक दिनांक मात्र वाटून घेता येत नाही. तो दोघांचाही राहतो.