आधी आडनाव शोधा, मग लिटरेचर

पीएचडीची तयारी करताय ना? मग आज एक सोपा गृहपाठ. स्वतःचं आडनाव इंटरनेटवर शोधा. गंमत येईलच, पण लिटरेचर सर्चचा याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

माझं आडनाव पाटील. दोन वर्षांपूर्वी एका फेलोशिपच्या मुलाखतीत समितीतल्या सरांनी विचारलं, "कोंबड्यांच्या खाद्यावरचा तुमचा पेपर पाहिला. तिथून पाण्याकडे कशा वळलात?" माझा विषय भूजलातला फ्लोराइड. कोंबडीशी संबंध फक्त रविवारी जेवताना! झालं असं, की माझीच आद्याक्षरं असलेल्या दुसऱ्या कुणाचा पेपर सरांना मिळाला होता. माझा एकुलता एक पेपर मात्र सापडलाच नव्हता, कारण त्यावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर नव्हतं. हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. फेलोशिप मिळाली नाही. कारण तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण ती पाच मिनिटं माझ्या कामावर बोलायची होती.

घरी येऊन मी नुसतं 'पाटील' शोधलं. त्यातून शिकले ते असं.

१. नाव जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. पाटील हे मुळात गावाच्या प्रमुखाचं पद. त्यामुळे महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ते अनेक समाजांत सापडतं. मराठा, लिंगायत, जैन, आगरी, सगळीकडे पाटील आहेत. दोन पाटील नातलग असतीलच असं नाही, तसेच 'एस. पाटील' यांचे दोन पेपर एकाच माणसाचे असतीलच असं नाही. विषय, संस्था आणि सहलेखक ताडून बघा.

२. शब्द नेमका कुठे सापडला ते बघा. माझ्या यादीतले कितीतरी पेपर पाटलांचे नव्हतेच! लेखक भलतेच, पण कॉलेजच्या नावात डी. वाय. पाटील, वसंतदादा पाटील किंवा कर्मवीर भाऊराव पाटील. सर्च इंजिनला तुमच्या मनातलं कळत नाही, ते फक्त अक्षरं जुळवतं. म्हणून गूगल स्कॉलरच्या अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये लेखकासाठी जी वेगळी चौकट असते, ती वापरा.

३. स्पेलिंग बदललं की जग बदलतं. मराठीत 'पाटील', हिंदीत बऱ्याचदा 'पाटिल'. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे कंपनी सरकारचे इंग्रजी अहवाल उघडलेत तर हेच पद 'पोटेल', 'पटेल' असंही दिसेल. इतिहासाचा विद्यार्थी आजचंच स्पेलिंग टाकून बसला, तर "काहीच मिळालं नाही" म्हणेल. मिळालं नाही आणि नाहीच, यात फार फरक आहे. शोधाआधी शब्दाची सगळी रूपं कागदावर लिहून काढा.

४. आता स्वतःकडे वळा. पहिला पेपर पाठवण्याआधी ठरवा: वडिलांचं नाव पूर्ण, आद्याक्षर, की काहीच नाही? 'विखे पाटील' असं जोडआडनाव असेल तर यादीत 'व'खाली की 'प'खाली? मुलींनो, लग्नानंतर पेपरवर कोणतं नाव? काहीही ठरवा, पण तेच कायम ठेवा. आणि ओआरसीआयडी, म्हणजे ऑर्किड, काढा. संशोधकाला मिळणारा हा १६ अंकी क्रमांक २०१२ पासून सुरू आहे. मोफत आहे, दहा मिनिटांत होतो. नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही.

तर आज रात्री वहीत तीन रकाने आखा: काय टाकलं, किती मिळालं, त्यातलं खरंच आपल्या कामाचं किती. आडनावाचं झालं की त्याच वहीत तुमच्या विषयाचा पहिला शब्द लिहा. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात झालेली असेल.