लाल स्टुलावरचा जुना जमाना

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे दुबईला गेले होते. वीस वर्षे झाली त्याला तिथे. आमच्या राजापूर तालुक्यात आखातात कोणीच नाही असे मुस्लिम घर शोधावेच लागेल. एका शुक्रवारी मगरीबनंतर बारा वर्षांची पुतणी म्हणाली, "फुफी, आज तुम्हाला जुन्या जमान्यातल्या हॉटेलात नेणार!"

मला वाटले, इराणी चहाचे एखादे दुकान असेल. निघाले अमेरिकन 'जॉनी रॉकेट्स'. लाल रेग्झिनच्या बैठका, चकाकणाऱ्या स्टीलच्या कडा, काउंटरसमोर ओळीने मांडलेली गोल स्टुले आणि पैसे टाकले की गाणे वाजवणारा ज्यूकबॉक्स. वाढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या. एकाने बशीत टोमॅटो केचपने हसरा चेहरा काढून दिला, तेव्हा लहान पुतण्याने टाळ्याच पिटल्या. मांस हलाल असल्याची खात्री भावाने आधीच करून घेतली होती. बिस्मिल्लाह म्हणून आम्ही चिकन बर्गर आणि उंच पेल्यातल्या मिल्कशेकवर ताव मारला. चव छानच होती, खोटे कशाला बोलू?

गंमत अशी, की हे हॉटेल मुळात जुने नाहीच. या साखळीचे पहिले दुकान 1986 मध्ये लॉस एंजेलिसला निघाले. सजावट मात्र 1950 च्या आसपासच्या अमेरिकेची. म्हणजे लोकांच्या आठवणी ओळखून केलेला देखावा. असा व्यापार आपल्या आठवणींचाही होतो. लंडनमध्ये 2010 पासून 'दिशूम' नावाची हॉटेले मुंबईच्या जुन्या इराणी कॅफेंच्या धर्तीवर चालतात. परदेशात राहणाऱ्या माणसाला जुन्या चवीची ओढ असते, त्यात वाईट काही नाही.

पण पुतणी स्टुलावर गिरकी घेत म्हणाली, "फुफी, तेव्हा किती मजा होती ना! सगळे इथे बसायचे, गाणी ऐकायचे."

माझ्यातली शिक्षिका गप्प राहीना. "सगळे नाही, बेटा," मी म्हटले.

मग तिला ग्रीन्सबोरोची हकिगत सांगितली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा काळ्या माणसांना अशा काउंटरवर बसू देत नसत. 1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबोरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी काही वस्तू घेतल्या, त्याचे पैसे दुकानाने बिनतक्रार घेतले. नंतर ते खाण्याच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. ती मिळाली नाही. तरी ते दुकान बंद होईपर्यंत शांत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. इतर शहरांतही हे लोण पसरले. अखेर जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला, आणि 1964 मध्ये देशभरासाठी कायदा झाला.

"आपल्याकडे असं नव्हतं ना?" तिने विचारले.

होते. आपल्याकडेही चहाच्या दुकानांत काही माणसांची कपबशी वेगळी ठेवलेली असे. आपल्याच कोकणात महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव सर्वांना खुले असल्याचे स्पष्ट लिहिले गेले.

पुतणी गिरकी थांबवून ऐकत होती. मग बापाकडे वळली. "अब्बा, तुमच्या जुन्या जमान्यातही काही लपवलेलं आहे का?"

भाऊ हसला, पण लगेच उत्तर देईना. मुलांना तो गावच्या गोष्टी नेहमी सांगतो. अर्जुना नदीतले पोहणे, राजापूरची गंगा आली की लोटणारी गर्दी, आंबे, फणस, अम्मीच्या हातचे सांदण. पण त्याने बारावीनंतर शिक्षण का सोडले, ते कधी सांगितले नव्हते. अब्बांचे आजारपण, डोक्यावरचे कर्ज, आणि त्याच्या व्हिसासाठी अम्मीने हातातून उतरवलेल्या सोन्याच्या बांगड्या. सुरुवातीला एका खोलीत आठ जणांनी काढलेली वर्षे. मलाही त्यातले निम्मेच ठाऊक होते. त्या संध्याकाळी केचपचा हसरा चेहरा समोर सुकत होता आणि भाऊ सगळे सांगत होता. भाभींनी नजर खाली वळवली.

"किती बांगड्या होत्या?" पुतणीने विचारले.

"चार. दोन मी नंतर करून दिल्या. बाकीच्या दोन करायच्या आतच अम्मी गेली."

घरी परतताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री झोपण्याआधी पुतणीने दादीसाठी दुआ केली. दादीला तिने फक्त फोटोत पाहिले आहे.

भगिनींनो, सुट्टीत आखातातून मुले घरी येतात. त्यांना आपण आंबे, काजू, खाऊ भरभरून देतो. त्यासोबत घराची खरी हकिगतही द्यावी. कोणी काय सोसले, कोणी काय विकले, कोणाचे उपकार अजून फिटायचे आहेत, हे त्यांना कळू द्यावे. मुले ऐकून घाबरत नाहीत. ती विचारतात, आणि आपल्या माणसांच्या अधिक जवळ येतात.