चारही चाकं जोर लावतात तेव्हा!

दोस्तांनो, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, सेलू, हिंगणघाट या भागात ज्यांचं शेत आहे, त्यांना पांदण म्हणजे काय ते सांगायला नको. गावातून शेताकडे जाणारी मातीची वाट म्हणजे पांदण. उन्हाळ्यात तिच्यातल्या काळ्या मातीला भेगा पडतात. पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरच्या नक्षीत गच्च भरते. मग टायर जणू साबण लावलेला! चाक जागच्या जागी गरागरा फिरतं, गाडी मात्र हलत नाही. अशा वेळी शेतावरच्या घरात कुणी आजारी पडलं, तर दवाखाना गाठायचा कसा? म्हणून हा प्रश्न गमतीचा नाही, गरजेचा आहे.

आता सांगा बरं, अशा चिखलात गाडी फसली तर मोठं इंजिन बसवून ती निघेल का? नाही! इंजिन कितीही दांडगं असो, चाकाची जमिनीवर पकड असेल तेवढाच जोर कामी येतो. आणि पकड ठरते दोन गोष्टींवर : जमीन कशी आहे आणि त्या चाकावर गाडीचं वजन किती पडतंय. समजा, गाडीचं निम्मं वजन पुढच्या चाकांवर आहे, निम्मं मागच्या. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळत असेल, तर पुढच्या निम्म्या वजनाची पकड फुकटच गेली की! ती वापरायची, तर पुढच्या चाकांनाही जोर द्यायला हवा. यालाच म्हणतात फोर व्हील ड्राइव्ह.

मग चारही चाकं एकमेकांना पक्की जोडून टाकली, झालं काम? थांबा! इथेच खरी मेख आहे.

ती समजायला आपण तान्ह्या पोळ्याला जाऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी घेऊन निघतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. चार चाकांचा नंदी वळवून बघा. वळणाच्या आतल्या बाजूचं चाक थोडं चालतं, बाहेरचं जास्त. हिशेबच करू. एखाद्या गाडीचं आतलं चाक ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि बाहेरचं सव्वासहा मीटरच्या. काटकोनात वळताना आतलं चाक सुमारे ७.९ मीटर चालेल, बाहेरचं ९.८ मीटर. जवळजवळ दोन मीटरचा फरक! दोन्ही चाकं पक्की जोडली, तर एक तरी घासत जाणार.

बैलगाडीला ही अडचण येत नाही. तिची चाकं आसावर मोकळी फिरतात, कारण जोर बैल लावतात, चाकं नाहीत. मोटारीत मात्र चाकांनीच जोर लावायचा आणि वेगवेगळ्या वेगाने फिरायचंही! म्हणून दोन चाकांच्या मध्ये असतो दातेरी चाकांचा एक डबा, डिफरेन्शिअल. तो जोर दोघांना सारखा देतो, पण फिरण्याची मोकळीकही देतो. फोर व्हील ड्राइव्हमध्ये असे दोन डबे लागतात, एक पुढे, एक मागे. इंजिन आणि गिअरबॉक्सनंतर येते ट्रान्सफर केस. ती एकाच्या दोन वाटा करते. तिथून एक लांब दांडा मागे जातो, एक पुढे. त्यांना म्हणतात प्रोपेलर शाफ्ट. पुढची चाकं तर वळतातही, म्हणून तिथे वाकूनही फिरत राहणारे खास सांधे लागतात.

हे सगळं घाईगर्दीत जुळवल्याची एक गोष्ट ऐका. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या सैन्याला छोटी, हलकी, चारही चाकांनी जोर लावणारी गाडी हवी होती. पहिली गाडी द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची! बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियरला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले. प्रत्येक भाग नव्याने बनवायला वेळच नव्हता. मग स्टुडबेकर मोटारीचे अ‍ॅक्सल सुधारून घेतले, इंजिन दुसऱ्या कंपनीचं घेतलं. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. यातूनच पुढे विलीज आणि फोर्डची जीप आली. १९४७ साली मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी आपल्याकडे सुरू केली. आज नाशिकला बनणारी थार ही तिच्याच वंशातली, बरं का!

त्या युद्धातल्या जीपखाली एक गंमत दिसते. पुढचा डिफरेन्शिअल बरोबर मध्ये नाही, एका बाजूला आहे. का? मध्ये इंजिन आहे ना! पुढे जाणाऱ्या दांड्याला इंजिनाच्या बाजूने वाट काढून दिली आहे. डिझाइन म्हणजे नुसतं चित्र नव्हे. कुणाला कुठे जागा द्यायची, हा हिशेब म्हणजे डिझाइन.

आणखी एक हिशेब करा. त्या जीपच्या पहिल्या गिअरचं प्रमाण २.६६५, ट्रान्सफर केसच्या 'लो'चं १.९७ आणि अ‍ॅक्सलचं ४.८८. तिन्हींचा गुणाकार येतो सुमारे २५.६. म्हणजे इंजिन साडेपंचवीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग घटतो, पण चाकाचा जोर जवळपास तितक्याच पटीने वाढतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे मारत असेल, तर गाडी ताशी फक्त १० किलोमीटर जाते. चिखलातून हळूहळू निघायला हेच हवं!

पण अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरेन्शिअल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त चालतात. चिखलात ती थोडी घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरणार कशी? मग दांड्यांत पीळ बसतो, स्टिअरिंग जड होतं, दातेरी चाकंही तुटू शकतात. म्हणून पांदण संपली, डांबर लागलं, की पुढच्या चाकांचा जोर काढून घ्यायचा. आईबाबांची गाडी अशी असेल, तर त्यांना आठवण करून द्या!

आणि चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी कधी फसणारच नाही, असंही नाही. डिफरेन्शिअल जोर सारखा वाटतो. एक चाक घसरू लागलं, की जोडीदारालाही तेवढाच थोडका जोर मिळतो. म्हणून काही गाड्यांत डिफरेन्शिअल 'लॉक' करायची सोय असते.

हे सगळं शिकायला कारखानाच लागतो असं नाही. 'बाहा' नावाच्या स्पर्धेसाठी इंजिनियरिंगचे विद्यार्थी स्वतः खडबडीत रस्त्यांची गाडी बनवतात. आपल्याकडे ती २००७ साली इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. अमेरिकेतल्या स्पर्धेत तर २०२३ पासून चारही चाकांना जोर देणं सक्तीचं आहे. उद्या त्यात तुम्हीही असाल.

तोवर एक करा. तुमच्या नंदीच्या चारही चाकांवर खडूने एकेक खूण करा, तो गोल वळवा आणि प्रत्येक चाक किती वेळा फिरलं ते मोजून वहीत लिहा. चारही आकडे सारखे येतात का, बघा!